चाचणीत चालणारा आणि गर्दीत तुटणारा कॉर्डलेस माईक : कारणे व उपाय

दिवाळी आटोपली की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात, आणि मंडई म्हटली की रात्रीचे नाटक ठरलेलेच असते. त्यानंतर शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), सप्ताह, पुण्यतिथ्या, लग्ने अशी रांग लागते आणि साऊंडचा व्यवसाय करणाऱ्यांना होळीपर्यंत उसंत मिळत नाही. या हंगामात आमच्या व्यवसायातील मंडळी मला एकच तक्रार पुन्हा पुन्हा सांगतात. संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या मंडपात तपासला तेव्हा हातातला कॉर्डलेस माईक शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ चालला; रात्री दहाला समोर माणूस भरला आणि निवेदकाची वाक्ये मधूनच कापली जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माईक पुन्हा व्यवस्थित चालतो. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो तपासून सांगतो की यात काही बिघाड नाही, आणि त्याचे म्हणणे खरे असते.

हा त्रास मी स्वतः दोन हंगाम भोगला आहे. एका गावात नाटकाआधी, त्याच आठवड्यात वारलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला श्रद्धांजली वाहण्यासाठी सरपंच रंगमंचावर उभे राहिले, आणि नेमके त्या माणसाचे नाव घेताना माईक गेला. दुसऱ्यांदा नाव घेतले, तेव्हाही गेला. मंडळाचा एक कार्यकर्ता धावत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "भाऊ, माईक मधातच बंद होऊन राहिला ना." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण समोर त्या घरची माणसे बसली होती. त्या रात्रीनंतर मी माईकच्या खोक्यातून आलेला तांत्रिक तपशिलाचा कागद शोधून काढला आणि त्यावरील एकेक आकडा प्रत्यक्ष मंडपात ताडून पाहायला सुरुवात केली. त्यातून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो.

सर्वांत आधी कानाने निदान करावे, कारण "माईक खराब चालतो" या एका वाक्यात निरनिराळे दोष दडलेले असतात. आवाज क्षणभर पूर्ण नाहीसा होऊन लगेच परत येत असेल, तर रिसिव्हरपर्यंत, म्हणजे माईकची लहर पकडून आवाज मिक्सरला देणाऱ्या डब्यापर्यंत, ती लहर पुरेशा ताकदीने पोहोचत नाही असे समजावे. आवाज चालू असतानाच त्यात "खर्रर्र" मिसळत असेल, किंवा कोणी बोलत नसताना खरखर होत असेल, तर बाहेरची दुसरी लहर त्याच जागी घुसते आहे. सुरुवातीला चांगला चालून तास-दोन तासांनी कुरबुर सुरू होत असेल, तर आधी सेल पाहावेत. लांब शिट्टी मारत असेल, तर तो वायरलेसचा दोष नाही. स्पीकर बॉक्सचा आवाज माईकमध्ये परत शिरतो आहे. त्यातही अनेक गायक जाळीवर मूठ आवळून गातात. एका दिशेचाच आवाज घेण्यासाठी बनवलेला कार्डिऑइड माईक मूठ आवळल्यावर सर्व बाजूंचा आवाज घेऊ लागतो आणि शिट्टी सुरू होते. मूठ खाली घ्यायला सांगणे एवढाच त्यावर उपाय आहे.

माझ्याकडे पहिले दोन्ही दोष एकाच वेळी होते. त्यामुळे एका उपायाने अर्धेच काम झाले आणि मला वाटले की उपायच चुकला. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडला ते लिहून ठेवावे, हे मी आग्रहाने सांगेन.

पहिले कारण रिसिव्हरच्या जागेत सापडते. आपल्याकडे मिक्सर आणि ॲम्प्लिफायरचे टेबल बहुधा प्रेक्षकांच्या मागे किंवा एका बाजूला असते, आणि रिसिव्हर त्याच टेबलावर, ॲम्प्लिफायरच्या आडोशाला ठेवलेला असतो. माणसाच्या शरीरात पाण्याचा अंश फार मोठा असतो आणि कॉर्डलेस माईक ज्या यूएचएफ नावाच्या रेडिओ लहरींवर चालतो, त्या लहरी पाणी शोषून घेते. रिकाम्या मंडपात माईक आणि रिसिव्हर यांच्यामध्ये फक्त ताडपत्री असते. रात्री तेथे शेकडो माणसे बसतात, आणि मागे उभे राहणारे तर टेबलाभोवतीच कडे करून उभे असतात. टेबलाची उंची कमरेइतकी असल्यामुळे रिसिव्हरचे अँटेना त्या कड्याच्या आत बुडतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही लहरीची ताकद एक चतुर्थांश उरते. माझे टेबल रंगमंचापासून सुमारे ४० मीटरवर होते. ते २० मीटरवर असते, तर गर्दीचा विचार न करताही चौपट ताकद मिळाली असती.

कागदावर छापलेला पल्ला येथे दिशाभूल करतो. माझ्या कागदावर "६० मीटर" लिहिले होते आणि ते खोटे नव्हते. मात्र तो आकडा मधे काहीही नसलेल्या, एकमेकांना स्पष्ट दिसणाऱ्या माईक आणि रिसिव्हरसाठी होता. मी आता छापील पल्ल्याचा तिसरा हिस्सा धरून चालतो. ६० मीटर लिहिले असेल तर २० मीटरच्या आत रिसिव्हर, हा माझा नियम आहे आणि गर्दीच्या कार्यक्रमांत तो अजून चुकलेला नाही.

यावर बरेच जण अँटेनाची वायर वाढवण्याचा विचार करतात. मीही आधी तेच केले, आणि दहा मीटर साधी आरजी-५८ कोॲक्स वायर लावून अँटेना पुढे नेले. माईक ज्या फ्रिक्वेन्सीवर (लहरीच्या कंपनसंख्येवर) चालतो तेथे ही वायर दर मीटरमागे जवळपास अर्धा डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ताकद वायरमध्येच जिरते. जे मिळवायला गेलो तेच गमावले. खरा उपाय याच्या उलट आहे: अँटेना ताणू नये, अख्खा रिसिव्हर रंगमंचाजवळ न्यावा आणि तेथून मिक्सरपर्यंत आवाजाची बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची, बाहेरची खरखर टाळणारी) केबल ओढावी. आवाजाची ही केबल ५० मीटर असली तरी तिच्यात काही जाणवण्याइतके नुकसान होत नाही. केबल रिसिव्हरच्या माईक पातळीच्या (कमी ताकदीच्या) आउटपुटला जोडावी. लाईन पातळीचे (जास्त ताकदीचे) आउटपुट मिक्सरच्या माईक इनपुटला दिले तर आवाज फाटतो, आणि मग माणूस विनाकारण माईकला दोष देत बसतो.

रिसिव्हर रंगमंचाच्या बाजूच्या खांबाला, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, साधारण दोन मीटरवर बांधावा. दोन अँटेना असतील तर ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे, एकमेकांपासून दूर झुकवावेत. हे दोन अँटेना शोभेसाठी नसतात. लहर एकदा थेट येते आणि एकदा मागच्या टिनाच्या पत्र्यावर आपटून येते. दोन्ही लहरी एकमेकींना छेद देतात तेव्हा एखाद्या ठिकाणी आवाज शून्य होतो, पण तेथून वीतभर अंतरावर तो चांगला असतो. ७५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ४० सेंटिमीटर असते, म्हणून दोन अँटेना दहा-वीस सेंटिमीटर दूर असले तरी एकाला आवाज मिळतोच, आणि डायव्हर्सिटी (दोन अँटेनांचा) रिसिव्हर त्यातला चांगला आवाज निवडतो. पत्र्याच्या सभामंडपात वक्ता एक पाऊल सरकला की आवाज परत येतो, त्यामागे हेच कारण असते. रिसिव्हर पत्र्याला किंवा लोखंडी ट्रसला चिकटवून बांधू नये, थोडे अंतर सोडावे. एलईडी लाईटचा कंट्रोलर आणि त्यांचे पॉवर सप्लाय यांपासूनही किमान एक मीटर दूर ठेवावा.

माईक धरण्याची पद्धतही याच कारणात मोडते. हातात धरायच्या बहुतेक माईकचा अँटेना खालच्या टोकाला असतो. लावणीवर नाचणारी कलाकार किंवा जोशात आलेला निवेदक माईक अगदी बुडाशी धरतो, आणि पूर्ण अँटेना तळहाताखाली झाकला जातो. मी माझ्या माईकच्या खालच्या चार बोटांच्या भागावर पिवळी टेप गुंडाळली आहे आणि कलाकाराला एवढेच सांगतो की पिवळ्यावर हात नको. अँटेना, फ्रिक्वेन्सी हे शब्द त्याला रंगमंचावर जाता जाता सांगून उपयोग नसतो. पिवळा रंग मात्र लक्षात राहतो.

एवढे केल्यावर माझ्या माईकचे मधूनच पूर्ण बंद पडणे थांबले. खरखर तशीच राहिली, आणि तीही गर्दीतच. यापुढचा भाग समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

माझा सेट २०१८ मध्ये घेतलेला होता. चार हंगाम त्याने विनातक्रार काम केले आणि मगच कुरबुर सुरू केली, म्हणून मी तो जुना झाला असे धरून चाललो होतो. कागदावर पाहिले तर त्याच्या दोन्ही माईकच्या ठरावीक (बदलता न येणाऱ्या) फ्रिक्वेन्सी ७३६ आणि ७४२ मेगाहर्ट्झच्या आसपास होत्या. आपल्या देशात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत विकलाच गेला नव्हता. तो २०२२ च्या लिलावात पहिल्यांदा मोबाईल सेवेसाठी विकला गेला. या पट्ट्यात ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा भाग मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी आणि ७५८ ते ८०३ हा भाग टॉवरकडून मोबाईलकडे येणाऱ्या लहरींसाठी ठेवला आहे. म्हणजे माझे दोन्ही माईक नेमके तेथे बसले होते जेथे प्रेक्षकांच्या खिशातले मोबाईल बोलतात. रिकाम्या मंडपात मोबाईल नसतात, म्हणून चाचणीत काहीच आढळत नाही. नाटक सुरू झाले की शेकडो मोबाईल एकत्र येतात, आणि त्यातले कितीतरी त्याच वेळी व्हिडिओ पाठवत असतात.

यात आपल्या खेड्यांची एक बाजू आणखी आहे. मोबाईल टॉवरपासून जितका दूर, तितकी जास्त ताकद तो लावतो. शहरात टॉवर जवळ असल्यामुळे मोबाईल हळू बोलतो. जंगलाच्या कडेच्या गावात, जेथे रेंजची एकच दांडी दिसते, तेथे तोच मोबाईल पूर्ण ताकदीने ओरडतो. ही पूर्ण ताकद सुमारे २०० मिलीवॅट असते आणि हातातल्या माईकची ताकद बहुधा १० मिलीवॅट. वीसपट ताकदीचा मोबाईल रिसिव्हरच्या हातभर अंतरावर असला, तर तीस मीटरवरच्या माईकचे काय होत असेल याची कल्पना करावी. माझ्याकडे काम करणारा पोरगा आपला मोबाईल चार्जिंगला लावून थेट रिसिव्हरच्या डोक्यावर ठेवत असे, कारण तेथे सपाट जागा होती. मोबाईल तेथून उचलून दहा पावले दूर नेला तेव्हा खरखर निम्म्यावर आली, आणि मला पहिला पुरावा मिळाला.

याची खात्री करण्याची चाचणी सोपी आहे आणि ती गर्दीतच करावी लागते. मध्यंतरात मिक्सरवरील त्या माईकची पट्टी पूर्ण खाली घ्यावी, माईक बंद करावा, रिसिव्हर चालू ठेवावा आणि रिसिव्हरवर लहरीची ताकद दाखवणाऱ्या आरएफ दिव्याकडे दोन मिनिटे टक लावून पाहावे. माईक बंद असताना हा दिवा लुकलुकला, तर ती लहर बाहेरून येते आहे आणि माईक उघडून काहीही मिळणार नाही. दिवा शांत राहिला, तर दोष बाहेर नाही आणि पहिल्या कारणाकडे परत जावे. काही जण रिसिव्हरवरचा स्क्वेल्चचा (कमजोर लहर आली की आवाज बंद करणारा) स्क्रू पिळून खरखर दाबतात. त्याने माईक बंद असतानाची खरखर दबते हे खरे, पण कमजोर आवाजही त्याच चाळणीत अडकतो आणि पल्ला कमी होतो. तो स्क्रू अगदी थोडा फिरवावा, आणि शक्यतो फिरवूच नये.

७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या सेटवर माझ्या मते कायमचा इलाज नाही. घरगुती बैठकीसाठी, शाळेच्या वर्गासाठी तो वापरावा. मोठ्या गर्दीत नेऊ नये. आजही बाजारात असे सेट स्वस्तात मिळतात आणि ते खरेदी करणारे बहुधा नव्यानेच व्यवसायात उतरलेले तरुण असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. नवा सेट घेताना खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्यांकडे न पाहता आधी फ्रिक्वेन्सीचा पट्टा विचारावा, तो या हद्दीबाहेर आहे ना ते पाहावे आणि फ्रिक्वेन्सी बदलता येते ना तेही पाहावे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग अशा उपकरणांच्या मान्यतेचे काम पाहते. मान्यतेचा कागद विक्रेत्याकडून मागून घ्यावा आणि पक्के बिल घ्यावे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे आणि त्यावरचे सेट ग्रामसभेच्या खोलीत फार छान चालतात, मात्र वायफाय आणि ब्ल्यूटूथही तेथेच राहतात, म्हणून नाटकाच्या गर्दीसाठी मी ते नेत नाही.

एकाहून जास्त कॉर्डलेस माईक असतील तर फ्रिक्वेन्सीतील अंतर समान ठेवू नये. ६४०, ६४१ आणि ६४२ अशी तीन माईकची सोय कागदावर नेटकी दिसते, पण पहिल्या दोन माईकच्या लहरी मिसळल्या की दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला, म्हणजे १२८२ वजा ६४०, अशी ६४२ ची तिसरी लहर आपोआप तयार होते आणि तिसऱ्या माईकवर जाऊन बसते. त्याऐवजी ६४०, ६४१ आणि ६४३ ठेवले तर ही टक्कर होत नाही. चांगल्या सेटमध्ये कंपनीने असे गट आधीच ठरवून दिलेले असतात. सर्व माईक एकाच गटातले घ्यावेत आणि वापरात नसलेला माईक चालू ठेवून दुसऱ्या माईकशेजारी टेबलावर ठेवू नये.

सेलच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. दुकानात "हेवी ड्यूटी" लिहिलेले स्वस्त सेल झिंक-कार्बनचे असतात. ते घड्याळाला आणि रिमोटला ठीक, माईकमध्ये ते लवकर खाली बसतात. कागदावर जे तास लिहिलेले असतात ते अल्कलाईन सेलवर मोजलेले असतात. चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राईड सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. त्यांवर माईकचा दिवा सुरुवातीपासूनच अर्धी बॅटरी दाखवू शकतो आणि शेवटी सेल इशारा न देता एकाएकी संपतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या थंडीत अल्कलाईन सेलही कमी टिकतात, म्हणून रात्रभराच्या नाटकात मी मध्यंतराला न विचारता सेल बदलतो. काढलेले सेल टॉर्चमध्ये वापरतो, त्यामुळे काही वाया जात नाही.

कागदावरील बाकीच्या आकड्यांत गर्दीच्या दृष्टीने मी स्प्युरिअस रिजेक्शन पाहतो. शेजारच्या नको त्या लहरींना रिसिव्हर किती नाकारतो हे तो आकडा सांगतो, आणि तो ८० डेसिबलच्या वर असावा. हा आकडाच छापलेला नसेल तर मी तो सेट घेत नाही. फ्रिक्वेन्सीची स्थिरता ±०.००५ टक्के लिहिलेली असेल तर ६४० मेगाहर्ट्झवर माईक ३२ किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकू शकतो, आणि तेवढे चालते. ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ हा आवाजाचा पल्ला माणसाच्या गळ्यासाठी भरपूर आहे. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

श्रद्धांजली, लग्नातील मंगलाष्टके, पुण्यतिथीचे मौन सुरू होण्याआधीची सूचना, असे जे क्षण पुन्हा घेता येत नाहीत, त्यांसाठी मी आता वायरचा माईक स्टँडवर उभा करून ठेवतो. कॉर्डलेस कितीही चांगला असला तरी तेथे वायरच. त्या गावात पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले तेव्हा रिसिव्हर रंगमंचाच्या खांबावर होता, सेट ६४० च्या घरातला होता आणि सरपंचांसमोर स्टँडवर वायरचा माईक होता. त्या वर्षी वारलेल्या तिघांची नावे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

हे सर्व करूनही आवाज तुटत असेल, माईक बंद असताना आरएफ दिवा शांत राहत असेल आणि रिसिव्हरपासून दोन मीटरवरूनही तोच त्रास होत असेल, तरच माईक उघडण्याची वेळ आली असे समजावे. माईक चालू ठेवून हळूच हलवून पाहावा. हलवताना खडखड झाली तर सेलच्या पत्तीवरची हिरवट बुरशी किंवा स्विच तपासावा. पडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर खालच्या टोकाच्या अँटेनाचा टाका सुटलेला असण्याची शक्यता जास्त असते. दुरुस्तीवाल्याकडे देताना "गर्दीत चालत नाही" एवढेच न सांगता यातली कोणती चाचणी केली आणि दिव्याने काय दाखवले ते चिठ्ठीवर लिहून माईकला बांधावे, म्हणजे तो नेमक्या जागी हात घालू शकतो.